शीट नंबर दोन

अल मजाज, शारजा
४ जानेवारी २०२६

कावेरी,

भिवाच्या नव्या घराच्या गॅलरीची सळी खालच्या अंगाला बांधली आहे आणि अठ्ठावीस तारखेला स्लॅब आहे. म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे.

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, त्यामुळे कुरियर. परत पाठवायचं असेल तर पाठव, पण आधी पुढची दोन पानं वाच. बहीण म्हणून नको, सरपंच म्हणून वाच.

भिवा आपल्या नेवरवाडीतल्या खालच्या आळीचा. बारा वर्षं झाली, अबुधाबीजवळ मुसफ्फाला स्टील फिक्सर आहे. म्हणजे नकाशात दाखवल्याप्रमाणे सळ्या बांधणं हेच त्याचं काम. आज रविवारची सुट्टी, तर सकाळी निघून दोन बस बदलून माझ्याकडे आला. दारात बूट काढून उभा राहिला. बस म्हटलं तर म्हणाला, "नको ताई, पँटला सिमेंट हाय." सोफ्यावर वर्तमानपत्र पसरलं तेव्हा बसला. चहा दिला तर आधी कप फिरवून बघितला. म्हणाला, "तुमच्याकडचा चहा म्हंजे इन्स्पेक्शनच. सांडला तर फेल."

मग फोन काढला. बायकोने, सोनमने, घराचे फोटो पाठवले होते. बोटांनी मोठा करून गॅलरीचा फोटो दाखवला. "ताई, हे बघा. वरती काय नाय."

खरंच काही नव्हतं. पाच फुटी गॅलरी, बारा एमएमची सळी, छान सरळ रांगेत, आणि सगळी तळाला.

तुला सोपं करून सांगते. खोलीचा स्लॅब दोन्ही बाजूंनी भिंतीवर टेकलेला असतो. वजन आलं की तो खालून फाटायला बघतो, म्हणून तिथे सळी खाली. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते. ती वरून फाटते. तिथे सळी वर हवी. आपले मिस्त्री आयुष्यभर खोल्या बांधतात. हात सवयीने सळी खालीच ठेवतो. खाली ठेवलेली सळी गॅलरीला धरत नाही. नुसती आत पडून राहते.

भिवाने सतीश मिस्त्रीला फोन केला होता. तो म्हणाला, "तू तिकडं तारा पिळतोस ना? मग पीळ. वाडीत अकरा गॅलऱ्या टाकल्यात मी. एक तरी पडली काय?" भिवा म्हणाला, "त्या अडीच फुटी हायत. ही पाच फुटी हाय." त्यावर सतीश म्हणाला, "मग सिमेंट जास्त घालतो."

सोनमला पाच फूटच हवी आहे. समोरच्या कतारवाल्याची चार फुटी आहे.

"माझी मी थांबवीन," भिवा म्हणाला. "बावीसला सुट्टी टाकून जातोय. सळी उपटून वर बांधीन, माझ्या हातानं. पण ताई, बाकीच्या अकरा? आणि पुढं होतील त्या? इकडं आमचा फोरमन हारुनभाई कसा, 'ऊपर का जाली चेक किया? नहीं? खलास, खोलो.' तिकडं कोण बोलणार खोलो?"

बोलू शकशील अशी तू आहेस. सोनम ग्रामपंचायतीची सदस्य आहे, तिच्याकडून कळलं की जिल्ह्याचं पत्र दिवाळीआधीच आलं आहे. गावाने ग्रामसभेत ठराव करून बांधकामाचे नियम स्वीकारले तर नकाशा मागायचा, काम थांबवायचा, तपासायला माणूस नेमायचा अधिकार ग्रामपंचायतीला मिळतो. स्वीकारले नाहीत तर आहे तसंच. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा ही शेवटची मुदत. आणि ते पत्र तू विषयपत्रिकेवर घेतलेलं नाहीस.

ते घे. एवढंच.

गोठ्याला नकाशा लागेल, चुलीच्या खोपटाला इंजिनियरची सही लागेल, गरिबाने काय करायचं, असं लोक म्हणतील. त्यांचं बरोबर आहे. गोठा, खोपट, न्हाणीघर सगळं वगळ. ज्याच्या खाली दुसरा माणूस बसू शकतो, एवढ्याच बांधकामाला नियम लाव.

घरी सुदेशरावांची तब्येत बरी असेल.

प्रज्ञा

—

अल मजाज
११ जानेवारी २०२६

कावेरी,

पत्र पोचलं, हे तुझ्याच आवाजात कळलं. सोनमच्या फोनवर तू निरोप दिलास, तो तिने भिवाला पाठवला, आणि भिवा आज तो मला ऐकवायला आला. खरं तर त्याला तो ऐकवायचा नव्हता. "वैनी जरा तापल्यात," एवढंच म्हणाला. मी फोन टेबलावर ठेवायला लावला.

"तायला सांग, ड्रॉइंग होतं तरी पडलं. इंजिनियर होती तरी पडलं. मग आता नियम कशाला? तिनं शारजातून सही करायची आणि इथं माझ्या नवऱ्यानं तुरुंगात जायचं, परत? गावात ठराव मांडला तर पहिलं कोण उठेल माहिताय? समाजमंदिर ज्याच्या बापावर पडलं तोच. त्याला विचार म्हणावं."

सोळा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. जाड झाला आहे. 'ताई' न म्हणता तू अजून 'ताय' म्हणतेस. मी चार वेळा लावायला लावलं. भिवाला सांगितलं, नीट ऐकू येत नाही.

ज्याच्या बापावर पडलं तो माझ्यासमोर बसून हे ऐकत होता, हे तुला माहीत नसणार. फोनकडे बघत म्हणाला, "मी नाय उठणार विरोधात. वैनींना सांगा." मग मला विचारलं, "ताई, एक विचारू? त्या समाजमंदिराच्या ड्रॉइंगमध्ये सळी वर होती काय?"

"होती," मी म्हटलं.

"मग सुदेशकाकांनी ऐकलं नाय."

मी कप उचलून आत नेले.

आता तुझं उत्तर. ड्रॉइंगमध्ये सळी वर होती. २००९ मध्ये तालुक्याला मी तेच लिहून दिलं, आजही तेच सांगेन. मी खोटं लिहिलेलं नाही. नियम हवा तो याचसाठी. शारजात माझ्या ड्रॉइंगवर वरिष्ठाची सही होत असे, त्यावर नगरपालिकेची, मग साइटवर इन्स्पेक्टर येऊन सळी मोजून जाई, आणि तेव्हा कुठे काँक्रीटचा ट्रक आत येई. सत्तावीस वर्षं मी हे पाहिलं. त्यात माझा अपमान होतो असं मला कधी वाटलं नाही. एकदा तर माझा नकाशांचा संच दहा मिनिटांत परत आला होता. खिडकीवरच्या बाईने पानं मोजली आणि म्हणाली, "मॅडम, एक शीट कम है." एक शीट कमी होती. ती बाई इंजिनियर नव्हती. तिला फक्त पानं मोजायला शिकवलं होतं, आणि

—

अल मजाज
१७ जानेवारी २०२६

कावेरी,

अकराचं पत्र पाठवलं नाही. वाक्य अर्धं सोडून उठले, ते तसंच पडलं आहे. आता दोन्ही एकदमच पोचतील.

आज शनिवार. अनन्या आली होती. माझी नात, प्रल्हादची मुलगी, तू तिला पाहिलेलं नाहीस. सतरा वर्षांची आहे. प्रल्हाद दुबईत राहतो, महिन्यातून एकदा तिला सोडतो आणि खालूनच जातो. पार्किंग मिळत नाही म्हणतो. तिला मी कपाटावरून एक नळकांडं काढायला लावलं. माझा हात आता तिथवर पोचत नाही.

"आजी, व्हॉट इज धिस? इट्स सो डस्टी."

"उघड."

तिने जमिनीवर शीट पसरली, चार कोपऱ्यांना माझी चार पुस्तकं ठेवली. "यू ड्रू धिस? बाय हँड?" मी हो म्हटलं. "इट्स ब्यूटिफुल," ती म्हणाली. मी तिला गप्प बस म्हटलं. बिचारीला कळेना काय चुकलं.

"फोटो काढून तुझ्या बहिणीला व्हॉट्सॲप कर ना."

"तिने मला ब्लॉक केलंय."

"ग्रँड-आंट ब्लॉक्ड यू?" तिला हसू आवरेना. "सॅव्हेज! माझ्या फोनवरून कर."

नाही केलं. ही शीट फोटोने पाठवायची नाही. ती जशी जायला हवी होती तशीच जाईल.

कावेरी, ही समाजमंदिराची शीट नंबर दोन आहे. ती कधीच शारजाबाहेर गेली नाही.

आता क्रमाने लिहिते. नोव्हेंबर २००८ मध्ये तू फोन केलास, की समाजमंदिराचं काम सुदेशरावांना मिळालं आहे, ताई, नकाशा तू काढून दे, गावाचं काम आहे. मी काढला. दोन शीट. पहिलीत वरून दिसतं ते: खोल्या, खांब, कुठे किती सळ्या. दुसरीत कापून दाखवलेलं: कुठली सळी वर, कुठली खाली. पहिलीवर मी लिहिलं होतं, 'छेदासाठी शीट २ पहावी.' खोर फक्कानच्या बंदरातले खैरुद्दीनचाचा निघाले होते, त्यांच्या हातून पहिली पाठवली. दुसरी अजून पुरी झाली नव्हती. पुढच्या माणसाबरोबर पाठवते म्हटलं.

इथे आपलं सगळं असंच जातं. औषधं, सोन्याची चेन, लग्नपत्रिका, कोणीतरी जाणारा असतो, त्याच्या बॅगेत जागा असते.

सुदेशरावांचा जानेवारीत फोन आला. "ताई, दुसरी शीट?" मी म्हटलं, पाठवते. शीट तोवर तयार होती. खैरुद्दीनचाचा भाचीच्या लग्नाला पुन्हा गावी जाणार होते. दुपारी माझ्याकडे आले, बॅग आधीच गच्च भरलेली. मी दोन वस्तू काढून ठेवल्या होत्या. नळकांडं, आणि तुझ्यासाठी दूध पावडरचा मोठा डबा. तू मागितला होतास, तुझी धाकटी तेव्हा आजारी असायची. चाचा म्हणाले, "बेटी, दोन्ही नाही बसत. एक काय ते दे."

मी डबा दिला.

विचार करून दिला. मनात म्हटलं, शीट काय, सुदेशरावांना एवढं कळतंच. दहा वर्षं बांधकाम करतायत. डब्याला चाचा नाही म्हणाले असते तर तू रुसली असतीस. शीटवाचून कोणी रुसत नाही.

ईमेल करता आला असता. तालुक्याला सायबर कॅफे होता, छापून मिळालं असतं. आठवड्यात करीन म्हटलं. इथे तेव्हा आमच्या हातात एका टॉवरचं काम होतं. एक आठवडा गेला, मग दुसरा. तिकडे मार्चअखेर निधी परत जाणार होता, सुदेशराव थांबू शकले नाहीत. त्यांनी त्यांच्या हाताला ठाऊक होतं तसं केलं.

डबा तुला मिळाला. तू फोन करून म्हणालीस, "ताय, अजून एक पाठव, फार चांगली हाय."

एप्रिलमध्ये टेकू काढले. अकराव्या दिवशी गॅलरी खाली आली. भिवाचे वडील खाली सावलीला बसले होते.

चौकशीला माझ्याकडे कागद मागितला, तेव्हा मी तीन ओळी लिहिल्या. 'मी तयार केलेल्या नकाशात मुख्य सळी वरच्या बाजूस दाखवली आहे. प्रत्यक्ष काम नकाशाप्रमाणे झालेले नाही.' प्रत्येक शब्द खरा. 'तयार केलेल्या' हा शब्द मी अर्धा तास शोधत होते. 'दिलेल्या' लिहिता येत नव्हतं.

मग तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, म्हणून मला जास्त भीती वाटली. "ताय, आमच्याकडं दुसरी शीट आलीच नाय गं. यांनी घर उलटं केलं, पत्र्याच्या पेट्या उलट्या केल्या." आणि मी म्हटलं, "पाठवली आहे. खैरुद्दीनचाचांबरोबर. नीट शोधा."

ते आपलं शेवटचं बोलणं.

पुढे कितीतरी महिने मला वाटायचं, तू चाचांना विचारशील. तू विचारलं नाहीस. मोठी बहीण पाठवली म्हणते म्हणजे पाठवली, हरवली असेल तर आपल्याच घरात, असं तू धरलंस. चाचा आता नाहीत. त्यांना यात ओढू नका. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, मी सरळ उत्तर दिलं.

चौकशीत ठरलं, सिमेंट निकृष्ट. सुदेशराव तुरुंगात जाऊन आले, ठेकेदारांच्या यादीतून नाव गेलं, मग दुधाचा टेम्पो चालवू लागले. लोकांना कारण मिळालं, ते समाधान पावले. माझ्या तीन ओळी फायलीत राहिल्या, सळीबद्दल पुढे कोणी बोललं नाही, कारण सळीबद्दल बोललं की शीटवर यावं लागलं असतं, आणि शीटबद्दल बोलू शकणारी मी एकटीच होते. त्यातून गावाने एक धडा घेतला, की सिमेंट जास्त घालावं. सतीश तेव्हा सुदेशरावांच्या हाताखाली होता. त्याच्या अकरा गॅलऱ्यांत सिमेंट उत्तम असणार. सळी सगळी खाली.

भिवाने ४ तारखेला फोटो दाखवला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. मी नुसत्या तुझ्या नवऱ्याचं नाव घालवलं असं समजत होते. त्याच्याशी मी जगायला शिकले होते. पण मी गप्प बसल्यामुळे गाव चुकीचं शिकलं आहे, आणि अजून तसंच बांधतं आहे.

तू विचारलंस, इंजिनियर होती तरी पडलं, मग नियम कशाला. उलट आहे. इंजिनियर होती म्हणून पडलं. शारजाची ताई, शिकलेली, तिला कोण विचारणार की बाई, पानं किती आहेत? नियम सतीशसाठी आहे तेवढाच माझ्यासाठी आहे. तुझ्या ग्रामपंचायतीत पानं मोजणारं एक माणूस असतं आणि त्याला 'एक कमी आहे, काम बंद' म्हणायचा अधिकार असता, तर मला शिव्या बसल्या असत्या आणि डबा इथेच राहिला असता.

अनन्याने जाताना शीट गुंडाळून दिली. म्हणाली, "आजी, आर यू ओके? डॅडला वर बोलवू?" मी म्हटलं, त्याला पार्किंग मिळणार नाही.

प्रज्ञा

—

अल मजाज
१९ जानेवारी २०२६

कावेरी,

काल भिवाला सांगितलं. तुझ्याआधी त्याला सांगावं लागलं, कारण नेणारा तो आहे. काय नेतो आहे हे न सांगता त्याच्या हातात देणं मला जमलं नसतं. तेवढी फसवणूक एकदा केली, पुरे.

शीट टेबलावर पसरली होती. तो आला, बघितली, आणि बोट ठेवलं ते नेमकं गॅलरीच्या छेदावर. माझ्या हाताखालच्या कित्येक पोरांना वर्षभर शिकवूनही छेद वाचता येत नसे. भिवाला एका नजरेत आला. वरच्या सळीवरून बोट भिंतीपर्यंत नेलं, भिंतीच्या आत किती जाते ते पाहिलं. "बाहेरच्या दोन पट आत. बरोबर," म्हणाला. मग खाली कोपऱ्यात तारीख वाचली.

"ही समाजमंदिराची."

"हो."

"ही पोचली नाय?"

"मी पाठवली नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. डब्याचंही. तो उभा होता. काल वर्तमानपत्र पसरायला मी विसरले होते, आणि तो तसाही बसला नसता.

मी वाट बघत होते, की हा ओरडेल. त्याचे वडील दोन वर्षं कमरेपासून पडून होते. तो पंधरा वर्षांचा होता. शाळा सुटली ती तेव्हाच. त्याने काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेणार होते. ते ऐकण्याची मी तयारी करून ठेवली होती. मला तयारी करायची सवय आहे.

तो म्हणाला, "मी सुदेशकाकांच्या टेम्पोवर दगड मारलेत, ताई. दुधाच्या टेम्पोवर. तीन वेळा. काच फुटली तेव्हा ते थांबले, उतरले, मला बघितलं, आणि परत गाडीत बसून गेले. काय बोलले नायत. मला वाटलं, चोर हाय म्हणून बोलत नाय."

मग त्याने कप धुतला. मी नको म्हणायच्या आत धुतला, उपडा घातला, बूट चढवले. दर वेळी जाताना 'येतो ताई' म्हणतो. काल म्हणाला नाही. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

माझ्या घरी दिवाळीपासून त्या एका माणसाव्यतिरिक्त कोणी चहा प्यायलेलं नाही. हे दयेसाठी लिहीत नाही. काय गमावलं ते नोंदवते आहे.

माझ्या फ्लॅटला गॅलरी आहे. अकराव्या मजल्यावर, समोर खाडी, संध्याकाळी कारंजं. लोक एवढ्यासाठी इथे घर घेतात. मी तिच्यावर सोळा वर्षांत उभी राहिलेली नाही. तिची सळी वर आहे, हे मला पक्कं माहीत आहे. या इमारतीचा नकाशा मी स्वतः तपासला होता. तरीही.

संध्याकाळी सात वाजता भिवाचा मेसेज आला. जसा आला तसा उतरवते. "ताई गुरवारी फ्लाइट शारजावरन हाय. दोन वाजता तुमच्याकडं येतो. पेपर तयार ठेवा. बॅगेत जागा ठेवलीय."

आता तुला काय करायचं ते. मी एक निवेदन लिहिलं आहे, ग्रामसभेत वाचून दाखवण्यासाठी. त्यात वर लिहिलेलं सगळं आहे, डब्यासकट. तू वाचू नकोस. भिवाने वाचावं, किंवा सुदेशरावांनी. ते तयार असतील तर त्यांनीच. ठराव त्यानंतर मांड, आधी नको. लोकांना आधी कळू दे की ड्रॉइंग असून पडलं नाही, ड्रॉइंग पोचलं नाही म्हणून पडलं.

तालुक्याला दुसरं पत्र आहे. त्याने माझ्यावर काय येईल ते येऊ दे. भारतात बोलावलं तर येईन. प्रल्हादला अजून सांगितलेलं नाही, सांगेन.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर टाकण्याचा मला हक्क नाही. अकरा गॅलऱ्यांखाली टेकू लावायला सांग, एवढं मात्र मागते. लाकडी चालतील. हे वाचशील त्याच दिवशी.

ताई

—

सुपूर्दनामा

दिनांक २२ जानेवारी २०२६, दुपारी २.१०, अल मजाज, शारजा.

खालील वस्तू श्री. भिवा यांच्याकडे, सौ. कावेरी, सरपंच, नेवरवाडी यांना समक्ष देण्यासाठी सुपूर्द केल्या:

१. नेवरवाडी समाजमंदिर, शीट क्र. २, मूळ प्रत. तयार केल्याची तारीख ९ जानेवारी २००९. पाठवल्याची तारीख: आज.

२. ग्रामसभेसाठी निवेदन, पाने चार, प्रत्येक पानावर सही.

३. तालुका कार्यालयास पत्र, पान एक, २००९ च्या पत्रातील मजकूर अपुरा व दिशाभूल करणारा होता याबद्दल.

४. ११, १७ व १९ जानेवारीची पत्रे. ११ चे अपूर्ण आहे, तसेच ठेवले आहे.

५. बांधकाम नियमांचा कच्चा मसुदा, पान एक. नियम पहिला: सर्व पाने मोजून मिळाल्याशिवाय कामाला हात लावू नये, नकाशा कोणाचाही असो.

६. त्रिकोणी मोजपट्टी, एक. ग्रामपंचायतीच्या दप्तरासाठी. पाने मोजणाऱ्याने वापरावी.

याशिवाय काहीही दिलेले नाही. बॅगेत जागा होती.

देणार: प्रज्ञा

घेणार: मिळालं. पानं मोजली, बरोबर हायत. शीट दोन परत उघडून बघितली. सळी वर हाय. येतो ताई. — भिवा